एकतीसचं इंजिन, तेहतीसची गाडी

कमलनगरच्या मोटार अड्ड्यावर, बाजाराच्या दिवशी सकाळी, माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला. आमचा भाग मैसूर राज्यात जाऊन पाचेक वर्षं झाली होती. गाडी सुरू करताना पुढून घालून फिरवायचं लोखंडी हँडल उलटं फिरलं. मी मडगार्डपाशी उभा होतो. हाड मोडल्याचा आवाज मला इंजिनाचाच वाटला.

अण्णा कमलनगर ते औराद भाड्याची गाडी चालवायचा. हँडल कसं धरावं हे अड्ड्यावर तोच शिकवी. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे झटका बसला तरी मूठ सुटते. कुणी चुकलं की विचारायचा, "अंगठा जास्तीचा हाय व्हय रं?"

गाडी तेहतीस सालची होती. तिचं इंजिन तडकलं तेव्हा हैदराबादहून त्याच कंपनीचं एकतीस सालचं आणलं. बाहेरून दोन्ही सारखीच. एक फरक सगळ्यांना दिसला: तेहतीसच्या इंजिनाला पेट्रोल ओढायचा पंप होता, एकतीसच्यात पेट्रोल उंचावरच्या टाकीतून आपोआप उतरायचं. मिस्त्रीनं वर पेट्रोलचा एक डबा बसवून दिला. अड्ड्यावर त्या डब्याचीच चेष्टा चालली.

दुसरा फरक पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीचा होता. तेहतीसच्या इंजिनात ती वेगाप्रमाणे आपोआप पुढं-मागं होई. एकतीसच्या इंजिनात चालकानं ती स्टेअरिंगजवळच्या दांडीनं हलवायची: सुरू करताना मागं, म्हणजे उशिरा; पळताना पुढं, म्हणजे लवकर. सुरू करतानाच ती लवकर पडली तर इंजिन हँडलला उलटा झटका देतं. आमच्या स्टेअरिंगला दांडीच नव्हती. मिस्त्रीनं चढावर जोर मिळावा म्हणून ठिणगी पुढं घेतली आणि तारेनं बांधून टाकली. अण्णाला हे माहीत नव्हतं. बॅटरीत स्टार्टर फिरवण्याइतका जोर नसल्यामुळं तो गाडी नेहमी उतारावर लावी आणि ढकलून सुरू करी. तशी सुरू केली तर झटका बसत नाही.

त्या दिवशी उतारावर कडब्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. गाडी सपाटीला लावावी लागली.

"अण्णा, उतार घरीच इसरलास का?" एका जीपवाल्यानं विचारलं. अण्णाही हसला. त्यानं हँडल घातलं आणि वर ओढलं.

मूठ सुटली, पण उलटं फिरलेलं हँडल हातावर येऊन बसलं. अण्णा खाली बसला. हाताकडं बघत म्हणाला, "अंगठा बोटांच्या बाजूलाच व्हता की." बीदरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो हेच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. बॉनेट उघडून त्यानं ती तार बोटानं ओढून बघितली. मग मला म्हणाला, "अण्णा हँडल मारील, हे डोक्यातच आलं न्हाई माझ्या."

प्लास्टर निघालं तेव्हा अण्णाची मूठ वळत नव्हती. मिस्त्रीनं तार कापली आणि ठिणगी मागं-पुढं करायला डाव्या बाजूला एक लोखंडी दांडी बसवून दिली. गाडीवर दुसरा चालक ठेवला. तो हँडल मारायला पुढं गेला की अण्णा डावीकडच्या सीटवर बसून, डाव्या हातानं ती दांडी मागं ओढून धरत असे.