सासरेबुवा आणि आमचा मल्टिबॉक्स

माणसाचा स्वभाव त्याच्या घरातल्या प्लगांवरून कळतो, असं ठामपणे मानणारा माझ्या माहितीतला एकमेव गृहस्थ म्हणजे माझे सासरे. वीज मंडळातून ते निवृत्त झाले, पण हे त्यांना कुणी कळवलं नसावं. वेलिंग्टनला आमच्याकडे आले तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधी त्यांनी मीटरबोर्ड कुठे आहे ते विचारलं. नातीचा नंबर त्यानंतर लागला. कुठलंही उपकरण ते उलटं करून खालचे वॉट वाचत, एखाद्या स्थळाची पत्रिका पाहावी तसे. चालू प्लगला बोटांची मागची बाजू लावून ताप बघत. एका मित्राकडच्या गणपतीत किटली, कुकर आणि मोदकांचा स्टीमर एकाच पॉइंटवर दिसले, तर आरती चालू असताना जाऊन त्यांनी स्टीमर बंद केला. मोदक कच्चे राहिले आणि मी घरभर माफी मागत फिरलो.

मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे विजेशी माझा संबंध लॅपटॉप चार्ज करण्यापुरता. पण ऐट पूर्ण. हिवाळ्यात कपडे वाळेनात, म्हणून मी ड्रायर आणि हीटर सोफ्यामागच्या एकाच मल्टिबॉक्सला, म्हणजे आपल्याकडच्या एक्स्टेन्शन बोर्डला, जोडले होते. दोघांचे मिळून चार हजार वॉट होतात, त्या डबीला ते झेपणार नाहीत, असं बाबांनी, म्हणजे सासरेबुवांनी, दोनदा सांगितलं. मी त्यांना समजावलं, की हे न्यूझीलंड आहे, इथे भार जास्त झाला की सगळं आपोआप बंद पडतं. त्यांनी पेपर उघडला. मला वाटलं, पटलं.

शनिवारी सकाळी जळक्या माशासारखा वास आला. मी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होतो, तोवर बाबांनी सोफ्यावर कार्टून बघत बसलेल्या नातीला उचलून माझ्या बायकोकडे दिलं आणि सोफा ओढला. मल्टिबॉक्स वितळून कार्पेटला चिकटला होता, धूर निघत होता. मी प्लग उपटायला वाकलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नका. आधी मेन."

मेन त्यांनीच बंद केला. पुढे मात्र वायरला बोटही लावलं नाही. इथलं लायसन्स आपल्याकडे नाही, म्हणाले. दुपारी इलेक्ट्रिशियन बाई आल्या. हीटर थेट भिंतीतल्या पॉइंटला लावायचा आणि ड्रायरसाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढायची, असं त्यांनी सांगितलं. बाबा म्हणत होते तेच, फक्त इंग्रजीतून. त्यामुळे मला लगेच पटलं. बाईंनी बाबांच्या हातात टॉर्च दिला. दोन तास ते दोघं बोर्डापुढे तुटक्या इंग्रजीत आणि खाणाखुणांत रमले होते. मी चहा नेऊन दिला. तेवढंच काम मला जमण्यासारखं होतं.

संध्याकाळी बाबा माझ्या बायकोला म्हणाले, "बऱ्याच वर्षांनी कुणीतरी कामाला हाताशी घेतलं गं."

मी स्वयंपाकघरात ऐकलं. पाच महिने मी त्यांना डोंगर, समुद्र, संग्रहालयं दाखवत होतो. त्यांना काय येतं, ते एकदाही विचारलं नव्हतं.

आता ते भारतात असतात आणि डॉक्टर त्यांना इतका लांबचा प्रवास करू देत नाहीत. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्यांना विजेचं काहीतरी विचारतो. बहुतेक वेळा उत्तर मला माहीत असतं. ते चष्मा लावतात, कागद घेतात आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागतात.