बूट काढ

कंपनी बंद झाली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी गेटवर होतो. मुलुंड आणि भांडुपच्या मधल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली छोटी कंपनी, पंपांचे सुटे भाग बनवायची. सतरा वर्षं पलटणीत काढून मी हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि तिथे सिक्युरिटी सुपरवायझर झालो. सहा वाजून दहा मिनिटांनी एक टेम्पो आत गेला. सात चाळीसला बाहेर आला. गेटपासवर 'स्क्रॅप' लिहिलं होतं. मी ताडपत्री उचलून बघितली. आत साचे होते, नवेकोरे, तेल लावून गुंडाळलेले. चालता कारखाना आपले साचे बाहेर काढत नाही. मी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, सही केली आणि टेम्पो सोडला. सरहद्दीच्या पोस्टवर समोरची बाजू एकदम गप्प झाली की आम्ही सावध व्हायचो, तसा मी सावध झालो.

सकाळी साडेसातला गेटवर नोटीस लागली. माणसं तिच्यासमोर नुसती उभी होती. दत्ता परब माझ्या शेजारी होता. लेथ ऑपरेटर, हात सोन्याचा. माझ्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो. दोघेही सिंधुदुर्गातले, दोघांचे बाप एकाच मिलमध्ये होते. त्याने नोटीस दोनदा वाचली.

"वाट लागली रे, सावंत."

"रडगाणं मागाहून. आधी कागद," मी म्हटलं.

मला हुकूम सोडायची खोड आहे. बायको मंदा म्हणते, तुम्ही भाजीवाल्याला पण परेड करायला लावाल. त्या दिवशी ती खोड कामाला आली. ऑफिसमध्ये एचआरची बाई कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळत होती. मी सात-आठ जणांना तिच्या टेबलासमोर लायनीत उभं केलं. अनुभवाचं पत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचे कागद, सगळ्यांवर सही आणि शिक्का. अकरापर्यंत आम्ही मोकळे. दोन वाजता ऑफिसला कुलूप पडलं. "उद्या बघू" म्हणणारे अजून त्या एका पत्रासाठी वणवण करतायत.

चालत घरी येताना मी दत्ताला बाकीचं सांगितलं. सुनीताला, म्हणजे त्याच्या बायकोला, आजच सांग. पोरीच्या शाळेत फीची तारीख यायच्या आधी स्वतः जा आणि मुदत लेखी माग. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप असेल तर आत्ता माझ्यासमोर काढून टाक. रोज पाचला उठायचं, दाढी करायची. रोज दहा माणसांना सांगायचं की काम गेलंय, तुमच्याकडे काही आहे का. आणि घरातला खर्च आजपासून कमी.

"आजपासून कशाला? डबे भरलेत ना अजून."

"भरलेत म्हणूनच," मी म्हटलं आणि त्याला पोस्टचं सांगितलं.

उत्तरेकडची पोस्ट होती. नाव सांगत नाही. आम्ही नऊ जण. मी तेव्हा नाईक होतो. बर्फाने वाट बंद झाली आणि हेलिकॉप्टर यायचं थांबलं, त्याच दिवशी पोस्ट कमांडर नायब सुभेदार साहेबांनी रेशन अर्धं केलं. स्टोअर भरलेलं होतं. आम्ही मनात शिव्या घातल्या. म्हातारा घाबरला, असं आम्ही स्लीपिंग बॅगमध्ये कुजबुजायचो. बाविसाव्या दिवशी आमच्याकडे अजून तांदूळ होता. तेव्हा कळलं.

साहेबांचे बाकीचे नियम असेच होते. रोज दाढी. रोज सकाळी बंदूक साफ. आणि रोज संध्याकाळी फूट इन्स्पेक्शन. त्या थंडीत पाय मरतात. आधी पांढरे, मग निळे, मग काळे. ज्याचा पाय त्याला समजत नाही, कारण मेलेला भाग दुखत नाही. म्हणून विचारायचं नाही, बघायचं. प्रत्येकाला एक बडी, म्हणजे जोडीदार, नेमून दिलेला. त्याचे बूट काढायचे, मोजे काढायचे, एकेक बोट अंगठ्याने दाबायचं आणि साहेबांना रिपोर्ट द्यायचा. माझा बडी शिपाई बाळू जगदाळे. माण तालुक्यातला, तेवीस वर्षांचा. माझ्या मालवणीची नक्कल करून सगळी पोस्ट हसवायचा. बाळू त्या पोस्टवरून चालत उतरला नाही.

दत्ताला त्या दिवशी मी रेशनचं सांगितलं. पायांचं सांगितलं नाही. तो भाग मी कुणालाच सांगत नसे.

दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारलं, "सांगितलंस सुनीताला?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? ठीक आहे म्हणाली."

मी मान डोलावली आणि खाली उतरलो. विचारलं, उत्तर मिळालं, विषय संपला. गाढव मी.

मला पेन्शन आहे. आठवड्याभरात मुलुंड वेस्टला एका सोसायटीच्या गेटवर ड्युटीही मिळाली. दत्ताच्या पाठीशी तसलं काही नव्हतं. तो रोज साडेसातला निघायचा. पॉलिश केलेले बूट, खांद्याला बॅग, बॅगेत सुनीताने भरलेला डबा. संध्याकाळी सहाला परत. वाटायचं, पठ्ठ्या इंटरव्ह्यू देतोय.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या टाचेला चिखल दिसला. गणपती जाऊन महिना झालेला, ऑक्टोबरचं ऊन, रस्ते कोरडे ठाक. हा चिखल काळा होता, शिंपल्याचा चुरा मिसळलेला. खाडीचा. हायवेच्या पलीकडे मिठागरांच्या अंगाला असा चिखल असतो. तिकडे कुठला आलाय इंटरव्ह्यू?

"खाडीकडे कशाला गेलेलास रे?"

"शॉर्टकट मारला."

तिकडून कुठेच शॉर्टकट नाही. मला ते माहीत होतं आणि मला ते माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. मी विषय सोडून दिला. माणसाची लाज राखावी असं वाटलं.

मग त्याने आमच्या घरात यायचं सोडलं. वर्षानुवर्षं संध्याकाळी तो आमच्याकडे चहाला यायचा. चपला दाराशी, आणि खिडकीजवळची खुर्ची त्याची. आता तो बाहेर जिन्याच्या पायरीवर बसायला लागला, बुटांसकट.

"ये ना आत."

"नको, इथे बरं वाटतं."

मंदा चहा बाहेर नेऊन द्यायची. "काय हो भावजी, आमचा जिना म्हणजे काय महाबळेश्वर आहे?" तो हसायचा. चहात साखर आहे की नाही, एवढंही विचारायचा नाही. त्याला डायबेटिस आहे. हे आठ दिवस चाललं. आठही दिवस मी डोळ्यांनी बघत होतो.

नववा दिवस रविवार. संध्याकाळचे पाच. मी जाऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसलो, आणि मला वास आला. गोडसर, कुजका. मी तो वास वीस वर्षांपूर्वी एकदाच घेतलाय, आणि अजून कधीकधी जेवताना आठवतो. घरात यायचं तर बूट काढावे लागतात. म्हणून हा माणूस आठ दिवस बाहेर बसत होता.

"बूट काढ."

"काय?"

"बूट काढ, दत्ता."

"येडा झालास काय रे? काय दुखत नाही मला."

दुखतं का, असं मी विचारलंच नव्हतं.

"ऐक," मी म्हटलं. "बाळू जगदाळे माझा बडी होता. चौथ्या आठवड्यात थंडी इतकी वाढली की सेंट्रीवरून आलो की बोटं वळत नसत. मी स्लीपिंग बॅगेतूनच विचारलं, बाळ्या, पाय? तो म्हणाला, ठीक हायत, नाईक. मी साहेबांना रिपोर्ट दिला, जगदाळे, पाय ठीक. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तंबूत वास आला. मोजा कापून काढावा लागला. घोट्यापर्यंत काळं झालेलं."

दत्ता माझ्याकडे बघत नव्हता. मी थांबलो नाही.

"त्याला माहीत होतं. लपवत होता. मला म्हणाला, साहेबांना नगा सांगू, बोर्ड आऊट करतील. नोकरी गेली तर घरी काय खातील? मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी रेडिओ घेतला. एक कॅज्युअल्टी, हेली भेजो, ओव्हर. उत्तर आलं, वेदर पॅक है, इंतजार करो, ओव्हर. आभाळ बंद म्हणून पाच दिवस हेच उत्तर. सहाव्या दिवशी सकाळी सहा वीसला बाळू गेला. अकरा वाजता आभाळ उघडलं."

जिन्यात कुणी नव्हतं. वर कुणाचा तरी कुकर वाजत होता.

"रिपोर्टमध्ये मी लिहिलं, इन्स्पेक्शन रोज केलं. खोटं लिहिलं. हे मी साहेबांना सांगितलं नाही, त्याच्या आईला सांगितलं नाही, मंदाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा तोंडातून काढतोय. आता बूट काढ, नाहीतर मी काढतो."

दाराची कडी वाजली. मंदा चहाचे कप घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

दत्ताने नाडी सोडली. बूट निघाला, मोजा निघेना, चिकटला होता. पाणी घालून सोडवला. अंगठ्याखाली फोड फुटून खड्डा झालेला आणि शेजारचं बोट काळं. मी अंगठ्याने दाबलं.

"कळतंय?"

"नाही."

"गोळ्या घेतोस ना शुगरच्या?"

"बंद केल्या. त्याच दिवशी. तूच म्हणालास ना, पहिल्या दिवसापासून खर्च कमी कर."

"किराणा म्हटलं होतं रे! गोळ्या नाही!" मी ओरडलो. पोस्टवर साहेबांनी तांदूळ कमी केला, रॉकेल कमी केलं, औषधांच्या पेटीला कधी हात लावला नाही. एवढं एक वाक्य मी त्याला सांगायला विसरलो होतो.

"आणि सुनीताला?"

त्याने मान हलवली. सांगितलंच नव्हतं. पहिले दहा दिवस तो खरंच काम शोधत इस्टेटीमागून इस्टेटी पायी फिरला. रिक्षाचे पैसे वाचवायला. त्यातच फोड आला. घरी टाचांना भेगा पडल्यात सांगून मोजे घालूनच वावरायचा. मग नकार ऐकायचा कंटाळा आला म्हणून मिठागरांकडे जाऊन बसायला लागला. बांधावर बसून डबा खायचा आणि सहा वाजायची वाट बघायचा. दिवसभर पाण्याकडे बघून काय विचार करायचास, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते नको विचारूस.

मंदा खाली जाऊन सुनीताला घेऊन आली. सुनीताने पाय बघितला. नोकरीचं ऐकलं. रडेल असं वाटलं होतं, पण ती खाली जाऊन त्याचा रोजचा डबा घेऊन आली आणि हातात धरून उभी राहिली.

"पहाटे उठून हा डबा मी कुणासाठी भरत होते?" ती म्हणाली. "पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी काय मेले नसते. आता मेल्यागत झालंय."

रिक्षा केली. पाच पन्नासला पालिकेच्या हॉस्पिटलात केसपेपर काढला. ड्युटीवरची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने पाय बघितला आणि आमच्याकडे बघितलं. "अजून दोन दिवस थांबला असतात तर गुडघ्याखाली कापायला लागलं असतं." एक बोट गेलं. पाय राहिला. गोळ्या तिथेच फुकट मिळतात, हे दत्ताला माहीतच नव्हतं. पैसे वाचवायला जे बंद केलं त्याला पैसे लागतच नव्हते.

पुढचं सगळं सुनीताने केलं. शाळेत ती गेली आणि फीची मुदत लेखी घेऊन आली. भावाला तिनेच फोन केला. दत्ताला अजून पुरती नोकरी नाही. एका वर्कशॉपमध्ये बसून माप तपासायचं काम आहे, आठवड्यातून तीन दिवस. बाकीचे दिवस शोध चालू आहे.

कंपनीतले आम्ही सहा जण आता रोज सकाळी साडेसहाला बिल्डिंगच्या पंपरूमपाशी जमतो. कुणाकडे काय काम आहे ते सांगायचं, कुणाच्या घरी तांदूळ संपलाय तेही सांगायचं. गोळ्यांचं पाकीट खिशातून काढून दाखवायचं. घरी सांगितलं म्हणणाऱ्याने बायकोला फोन लावून द्यायचा. आणि दत्ताने बूट काढायचे. तोंडी उत्तर चालत नाही. दोघे जण अजून येत नाहीत. फोनवर म्हणतात, सावंत, एकदम झकास चाललंय, कशाला काळजी करतोस. आज ड्युटी संपली की मी त्यांच्या घरी जाणार आहे.

बाळू गेला तो दिवस जानेवारीतला. त्या दिवशी मी दरवर्षी त्याच्या आईला फोन करतो. आता तिचं खूप वय झालंय, फोन कानाला लावून द्यावा लागतो. दरवर्षी मी तब्येत विचारतो, ती पाऊसपाण्याचं सांगते आणि फोन ठेवते. यंदा मी सांगितलं. तीन दिवस पाय बघितले नाहीत, आई. रिपोर्ट खोटा लिहिला.

पलीकडे तिने कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितला.

"ल्हानपणी काटा मोडला तरी दावायचा न्हाई त्यो," ती म्हणाली. "मी धरून बसवायची, मांडीवर पाय घ्यायची, तवा दावायचा." मग म्हणाली, "तू धरून बसवायला पायजे हुतंस."

"होय, आई."

"आता बसवतूस का कुणाला?"

"बसवतो."

"रोज?"

"रोज, आई. साडेसहाला."

"बसवत जा," ती म्हणाली आणि कुणाला तरी फोन घ्यायला सांगितलं.