कानसेनचे शेअर

पंपाच्या चालू मोटारीवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाशी धरायची आणि आतलं दुखणं बाहेर काढायचं, ही त्या मोटार दुरुस्तीवाल्याची रीत. गल्लीने त्याचं नावच कानसेन ठेवलं होतं.

वीस वर्षांपूर्वी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. जळक्या, गंजक्या मोटारी रोज यायच्या, पण एका कंपनीचं बेअरिंग काही केल्या झिजून वाजत नव्हतं. ताळेबंद वाचण्याच्या नावाने आनंदच होता. तरी गड्याने साठवलेले सगळे पैसे त्याच कंपनीच्या शेअरमध्ये घातले. बँकेतला मेहुणा पोट धरून हसला. "भावोजी, शेअर काय कानाने घेतात होय?"

तिसऱ्या वर्षी भाव निम्म्यावर आला. मेहुण्याला बोलायला आयतंच निमित्त मिळालं आणि कानसेनचं जेवणावरून मन उडालं. विकून मोकळं व्हायचं त्याने ठरवलं.

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बेअरिंगं वाजायला लागलीत का?"

"छे!"

"मग भाव ओरडतोय तर ओरडू दे. तुम्ही गप कामाला जा."

तो गेला. शेअर तसेच राहिले, आणि कितीतरी पटींनी वाढले.

यंदा जागेच्या मालकाने सांगितलं, महिन्याभरात दुकान विकत घे, नाहीतर खाली कर. साठीला टेकलेला माणूस नवं गिऱ्हाईक कुठून जोडणार? शेअर विकले की दुकान हातात येत होतं, पण त्याचा जीव होईना. ज्यांनी साथ दिली त्यांनाच कसं सोडायचं?

त्याच आठवड्यात एक कोराकरकरीत पंप आला. स्क्रूड्रायव्हर कानाशी धरताच त्याचा चेहरा उतरला. खोलून पाहिलं, तर बेअरिंग त्याच कंपनीचं. पुढे आणखी दोन तसेच निघाले. घरी बायकोने त्याचं तोंड पाहूनच ओळखलं.

"वाजतंय?"

"वाजतंय गं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"मग विका. त्यांनी त्यांचं केलं, आपण आपलं करू."

दुकानाचा कागद बायकोच्या नावावर झाला. मेहुणा हल्ली नवा पंखा घेण्याआधी भावोजींना विचारतो.

"मला कुठं मोटार उघडता येते?" कागद उलटसुलट करत बायको म्हणाली.

"कान माझा होता," कानसेन म्हणाला, "पण त्या दिवशी तू अडवलं नसतंस, तर आज दुकान कुठलं?"