यवनाकडची परतभेट

कुणी आपल्या घरी येऊन गेलं आणि आपण उलट त्याच्या घरी गेलो नाही, तर पृथ्वी फिरायची थांबेल, अशी माझ्या आतेसासूबाईंची ठाम समजूत होती. अडुसष्ट साली मी लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा त्या आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत आणि मुलींच्या एका शाळेत इतिहास शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर 'राहून गेलं' म्हणत, जशी काही बाजारातून येताना कोथिंबीर आणायची राहून गेली. घरात सगळेच त्यांना आत्याबाई म्हणत, त्यांचे सख्खे भाऊ, म्हणजे माझे सासरेसुद्धा. पाहुणा चहा पिऊन उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच त्या कॅलेंडरवर पंधरा दिवसांच्या आतल्या एखाद्या तारखेभोवती पेन्सिलीनं गोल काढत. एकदा जनगणनेचा कारकून आला आणि दारातच पाणी पिऊन गेला. तो सिन्नरहून जाऊन-येऊन नोकरी करायचा. पुढच्या रविवारी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन आत्याबाई एसटीनं सिन्नरला त्याच्या घरी हजर. त्याला वाटलं, आपण एखादं माणूस मोजायचं विसरलो आणि बाई जाब विचारायला आल्या. लाडू संपेपर्यंत तो बिचारा 'बाई, माझं काय चुकलं आसंल तर सांगा' एवढंच म्हणत होता.

अशा बाईच्या वाटेत यवन आला. आठवीच्या मुलींना दर वर्षी त्या पांडवलेण्यांवर नेत. तिथल्या एका लेण्यात शिलालेख आहे, हे लेणं एका यवनानं कोरवून घेतलं, असं सांगणारा. वर्षानुवर्षं मुलींना हे सांगता सांगता एके दिवशी त्यांच्या स्वतःच्याच डोक्यात प्रकाश पडला. यवन म्हणजे ग्रीक. ग्रीक म्हणजे पाहुणा. त्या दिवशी डोंगर उतरून आल्या त्या थेट स्वयंपाकघरात, चपला हातात तशाच. मला म्हणाल्या, "अगं, दोन हजार वर्षं झाली त्याला येऊन जाऊन. आपलं कुणी त्याच्याकडे फिरकलं का? बरं दिसतं का हे?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्या वर्षीच्या कॅलेंडरवर गोल काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांनी भिंतीवर ग्रीसचा नकाशाच लावला.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं आमच्या घरात ग्रीस नांदत होता. एकदा वाचनालयात पुण्याहून आलेल्या एका विद्वानांचं व्याख्यान झालं. ते म्हणाले, नाशिकचे यवन काही थेट ग्रीसहून आलेले नव्हेत, ते इकडचेच, सिंधकडे वगैरे स्थायिक झालेले. आत्याबाई सभेत उभ्या राहिल्या आणि त्यांना विचारलं, तुमचं मूळ गाव कोणतं. राजापूर, असं उत्तर आलं. तिथं कधी गेला होतात, तर कधीच नाही. मग तरी गाव राजापूरच सांगता ना, असं म्हणून आत्याबाई खाली बसल्या आणि तो प्रश्न त्यांच्यापुरता मिटला.

पाहुण्यानं यजमानाच्या घरचं निमूट खावं हाही त्यांचा नियम. तिकडे जेवणावर ऑलिव्हचं तेल घेतात हे कळल्यावर त्यांनी ते मिळवलं. त्या काळी नाशकात ते एकाच ठिकाणी मिळे, औषधाच्या दुकानात, तान्ह्या बाळांच्या मालिशसाठी. दुकानदारानं आमच्या घरी बाळ झाल्याबद्दल अभिनंदन केलं. आठवडाभर आत्याबाई ते भाकरीवर घालून खात होत्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ताट उचलून ओसरीवर जाऊन बसायचे. "थोडं दवाखान्यासारखं लागतं," आत्याबाई म्हणायच्या, "पण सवय होईल."

भाषेचाही सराव झाला. ग्रीक शिकवणारं नाशकात कुणी नव्हतं, तेव्हा खुणांवर भागवायचं ठरलं आणि त्यासाठी आम्ही डोंगरातल्या पेठ गावच्या आठवडेबाजाराला गेलो. दिवसभर दोघींनी एक अक्षर बोलायचं नाही अशी शपथ होती. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी विकणाऱ्या बाईसमोर आत्याबाईंनी हातवारे करून भूक, भाकरी, मिरची, पाणी सगळं सांगितलं. तिनं मला विचारलं, "मुकी हाय का गं ही?" मला शपथ. मी मान डोलावली. तिनं दोन भाकऱ्या जास्त दिल्या, वर आत्याबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. परतीच्या एसटीत आत्याबाई गप्प होत्या आणि या वेळी सरावासाठी नव्हे. आपण त्या बाईला फसवलं हे त्यांना सहन होईना. पुढच्या बाजाराला एकट्या पेठला जाऊन 'मला बोलता येतं' असं तिला सांगून आल्या. ती बाई म्हणे हात जोडून रडायलाच लागली. तिला वाटलं, देव पावला.

चौऱ्याऐंशी साली आत्याबाई निवृत्त झाल्या आणि महिन्याभरात त्यांनी एका सहल कंपनीचं पत्रक आणून मामंजींपुढे ठेवलं. युरोपची सहल, शेवटचे चार दिवस अथेन्स. मामंजींनी चष्मा काढला आणि साफ नाही म्हटलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई एकटी विलायतेला जाणार नाही, हा त्यांचा शेवटचा शब्द. आत्याबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "एकटी कुठं? ही येतेय." मी पोळ्या लाटत होते. मला कुणी काही विचारलेलं नव्हतं, पण लाटणं हातात धरून मी 'हो' म्हणाले, आणि इतकी आनंदले की तव्यावरची पोळी जळली. सहल मे महिन्यात होती. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आले, चहा घेऊन गेले. आठवड्यानं आम्ही दोघी चिवडा घेऊन पोलीस लाइनीत त्यांच्या घरी. दोन बायका पोलिसाला चिवडा का देताहेत हे तिथं कुणालाच उमगलं नाही.

मग कंपनीनं तारखा अलीकडे आणल्या. मे महिन्याचा मार्च झाला, आणि मार्चमध्ये माझ्या मुलाची दहावी. मला कुणीही अडवलं नाही. नवरा म्हणाला बघ तुझं तू. मुलगा म्हणाला, जा की आई. मीच अडले. परीक्षेला पोरगा डबा घेऊन कसा जाईल, ऐन वेळी ताप आला तर कोण बघेल. आत्याबाईंना सांगायला गेले तेव्हा त्या प्रवासाच्या पिशवीवर दोऱ्यानं नाव घालत होत्या. त्यांनी सुई थांबवली, मग पुन्हा चालू केली. "बरं," म्हणाल्या, "मी जाते." मामंजींनी एकदा तोंड उघडलं आणि बहिणीच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं.

त्या गेल्या. सहलीबरोबर कंपनीचा आचारी होता. रोमला मंडळी पिठलं-भात खात असताना ह्या एकट्या समोरच्या खाणावळीत खुणा करून, मांस नको असं गाईसारखं हंबरून सांगत जेवत. अथेन्सला सगळे खरेदीला गेले तेव्हा टेकडीखालच्या गल्लीत काळ्या कपड्यांतली एक म्हातारी पायरीवर शेंगा निवडत बसलेली त्यांना दिसली. आत्याबाई शेजारी बसल्या आणि शेंगा निवडू लागल्या. निवडून झाल्यावर पिशवीतून चिवडा काढून दिला. म्हातारीला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं संपवला. आतून बशीत ऑलिव्हची फळं आणि पाव आणला. तासभर दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. भेट पोचली, असं आत्याबाईंनी परत आल्यावर जाहीर केलं. महिनाभर घरात माणसांची रीघ होती आणि हीच गोष्ट त्या न थकता सगळ्यांना सांगत होत्या.

एक गोष्ट मात्र मला एकटीला सांगितली. दुपारची वेळ होती, आम्ही दोघीच गहू निवडत होतो. म्हणाल्या, "टेकडीवर चढले. वारा इतका, की पदर हातात राहीना. ते मोठं खांबांचं देऊळ, मुलींना तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं ते, समोर खरंखुरं. मग मागे वळले आणि म्हटलं, बघितलंस का गं? मागे सहलीतले सातारचे एक वकील उभे होते. भला माणूस. म्हणाले, हो, बघितलं."

त्या हसल्या, मीही हसले. गव्हातले खडे मला थोडा वेळ दिसेनात. आत्याबाईंनी पुढं कधी हा विषय काढला नाही, मला बोल तर कधीच लावला नाही, आणि त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझा पासपोर्ट कोराच राहिला आणि त्याची मुदत संपून गेली. मुलगा त्या वर्षी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला. मी नसते, तरी झाला असता.