श्रवणयंत्राची पूजा

माझ्या साडूंइतका मार खाण्याच्या लायकीचा, आणि तरीही ज्याच्यावर कधी कुणाचा हात उठला नाही असा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. नव्वदीच्या दशकात अपंग मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकवायची सरकारी योजना होती. तिच्यात ते फिरते शिक्षक होते. मोपेडवरून घोटीपर्यंतच्या शाळा पालथ्या घालायचे. कर्णबधिर मुलांशी बोलून त्यांना अशी सवय लागली होती की टपरीवर सुपारी मागतानाही ते पानवाल्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन, ओठ ताणून, एकेक शब्द सुटा बोलत. पानवाला घाबरून आधी त्यांना वाटेला लावायचा.

बारशाला त्यांना बोलावणं म्हणजे जोखीमच. बायका पाळणा म्हणत असताना हे मागे उभे राहून स्टीलची थाळी फरशीवर टाकायचे, आणि बाळ दचकून रडलं की खूश होऊन ओरडायचे, "उत्तम! आता पेढे आणा!" माझ्या नातीच्या बारशाला थाळी पडली तेव्हा गोठ्यातली म्हैससुद्धा उठून उभी राहिली. नात तेवढी पंख्याकडे बघत राहिली. साडूंनी पेढे मागितले नाहीत.

"पोर शांत स्वभावाची आहे," मी म्हणालो.

"मग शांतपणे तिचे कान तपासून घेऊ," ते म्हणाले, आणि खरोखरच आम्हाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

पुढे योजनेतून त्यांनीच तिला श्रवणयंत्र मिळवून दिलं. छातीवर बांधायची डबी आणि तिच्यातून कानात गेलेली वायर. आमच्या गावच्या शाळेत पहिलीत नावही त्यांनीच घातलं. पण पोर बोलेना. हेडमास्तर म्हणाले, "मार्चपर्यंत बघतो. नाहीतर कर्णबधिरांच्या वसतिगृहात पाठवा." एवढीशी पोर घराबाहेर राहणार म्हणून सून रडून रडून आजारी पडली.

दसऱ्याला साडू सोनं द्यायला आले. मळ्यातल्या झेंडूनं आम्ही विळे, खुरपी, फवारणीचा पंप, सगळं सजवलं होतं. देवघरात अन्नपूर्णेशेजारी श्रवणयंत्र होतं, हळदकुंकू लावलेलं. एवढी महागाची सरकारी वस्तू घामानं, धुळीनं खराब व्हायची, म्हणून एरवी मी ती कपाटात कुलपात ठेवायचो. साडू यायचे असले, कुणी पाहुणे आले, की नातीला घालायचो.

साडू देवघरासमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "साडूभाऊ, देवाला कमी ऐकू येतं का हो?"

"दाजी, मी रोज सांगत होते, कुलपातून काढा, पोरीला घाला," माझी बायको म्हणाली. "पण हे कुणाचं ऐकतील तर शपथ."

"मग तपासणी चुकीच्या माणसाची झाली!" साडू गरजले. "अहो, यंत्र बिघडलं तर सरकार दुसरं देईल. पोरीचं गेलेलं वर्ष देणार आहे का?"

त्यांनी डबीवरचं कुंकू धोतरानं पुसलं आणि ती नातीच्या छातीवर बांधली. त्या दिवसापासून कपाटाची किल्ली बायकोच्या कमरेला गेली. रोज संध्याकाळी साडू मळ्यात हजर. झेंडू तोडता तोडता ते पोरीला पंप ऐकवत, कोंबडा ऐकवत, आणि कोंबडा गप्प असला की स्वतः आरवत. बायका फुलं टाकून हसत. पोरही हसायची, आणि एके दिवशी तीही आरवली.

मार्चमध्ये हेडमास्तर तिच्या पाठीमागे उभे राहिले आणि हजेरी घेऊ लागले. तिचं नाव आलं.

"हजर!"

साडू दारातून ओरडले, "पुन्हा घ्या!" हेडमास्तरांनी पुन्हा नाव घेतलं. पोर वैतागून वळली. "हजर हाय ना, सर!"

वर्गात असा काही गलका झाला की साडूंचा आवाजही त्यात बुडाला.

पुढच्या सव्वीस जानेवारीला शाळेनं 'जागरूक पालक' म्हणून माझा सत्कार केला. साडूंची बदली तोवर पेठ तालुक्यात झाली होती. तरी ते आले, मागच्या रांगेत बसले आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. माझ्या भाषणात त्यांचा उल्लेख नव्हता. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. आता ते नाहीत.

काल हे सगळं लिहिलेलं नातीला वाचून दाखवलं. ती आता शिक्षिका आहे. सत्कारापाशी आलो तेव्हा तिनं मला थांबवलं.

"आजोबा, इथं आवाज का बारीक झाला? मोठ्यानं वाचा ना."