बोंबलाचा वास

कोळगावला माझ्या ऑफिसातल्या बायका बोईसरचं नाव काढलं की नाक मुरडतात. "कसे गं राहिलात तिकडे?" विचारतात. मला राग येतो. बोईसरला लागून असलेल्या सालवडच्या आमच्या चाळीत कारखान्याचा उग्र दर्प होता, शेजारच्या उत्तरेकडच्या पोरांच्या मोहरीच्या तेलाचा वास होता, आणि उन्हाळ्यात सुक्या बोंबलांचा. बाजारात आजही बोंबलांपाशी माझे पाय रेंगाळतात. घरी जावंसं वाटतं, एवढंच.

बोंबील शेजारच्या काकींचे. त्यांचं माहेर समुद्रावर. पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील तिकडून आणायच्या आणि पुन्हा एकदा कडक ऊन द्यायला दोन घरांमधल्या दोरीवर टांगायच्या. माझे वडील, आमचे अण्णा, सांगलीकडचे. गळ्यात तुळशीची माळ, नोकरी कपड्यांचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात. स्वतःच्या शर्टाचा वास त्यांना चालायचा, बोंबलाचा नाही. दोरी भरली की यांचा पारा चढलाच. खिडक्या लावा, उदबत्ती लावा, नुसती तणतण. काकीही कमी नव्हत्या. "भाऊ, तुमच्या कंपनीपेक्षा माझा बोंबील बरा हाय," म्हणायच्या.

आई माहेरी मटण-मासे खाऊन वाढलेली. अण्णांच्या माळेसाठी तिने सगळं सोडलं, कधी कुरकुरली नाही. पण बोंबील वाळायला लागले की ती त्या दोरीखालून उगाच दोनदा जायची. मी पाहिलंय.

मग एका उन्हाळ्यात अण्णा गप्प. दोरी भरली, आणि हे आपले उघड्या खिडकीत पेपर वाचत बसलेले. आईने काही दिवस अंदाज घेतला. मग काकींकडून चार बोंबील मागून आणले आणि वेगळ्या तव्यावर भाजले. अण्णा घरातच होते. चकार शब्द नाही. आई इतकी हरखली की काही विचारू नका. "माझ्यासाठी बदलले हो," ती काकींना म्हणाली, आणि मग चाळभर सांगत सुटली. त्या दिवसांत ती माहेरी आल्यासारखी जेवायची.

पुढच्या थंडीत एका रविवारी तिने दूध तापत ठेवलं आणि अण्णांना लक्ष ठेवायला सांगून माझ्याबरोबर नळावर आली. करपल्याचा वास आम्हाला नळावर आला. धावत घरात शिरलो तर पातेलं काळंठिक्कर, आणि अण्णा ओट्याकडे पाठ करून मटार सोलतायत.

"झोपला होता काय?" आई कडाडली. मग त्यांचा चेहरा बघून थांबली.

"वास येत नाही मला," अण्णा म्हणाले. "बरेच दिवस झाले."

आई खालीच बसली. मला वाटलं, ती आता डॉक्टरचं काढेल. ती म्हणाली, "म्हणजे ते बोंबील..." मला तिचं इतकं वाईट वाटलं, की अण्णांचाच राग आला.

"डोळे शाबूत आहेत की माझे," अण्णा मटार सोलत म्हणाले. "तव्यावर काय आहे ते दिसत होतं मला. वास गेला तेव्हा आधी हेच मनात आलं, चला, आता हिला तरी खाता येईल. तुला सांगितलं असतं तर तू दवाखाने धुंडाळले असतेस, आणि बोंबील राहिले असते."

आई रडली. दूध फुकट गेलं म्हणून, असं काकींना सांगितलं.

दवाखाने व्हायचे ते झालेच. वास परतला नाही. अण्णा आता निवृत्त आहेत, दोरी अजून तिथेच आहे. उन्हाळ्यात मी सालवडला जाते तेव्हा बघते. संध्याकाळी ते दोरीपाशी जातात, माळ सदऱ्याच्या आत सरकवतात, आणि एक बोंबील हाताने धरून नाकाशी नेतात. ज्या वासावर इतकी वर्षं तणतणले, तोच शोधत असतात.

आई दारातून विचारते, "आला?"

"नाही."

"उद्या बघा," ती म्हणते. "आज ऊन कमी होतं."