दाजींची बिनधुराची गाडी

दाजींच्या गाडीत बसण्याआधी चपला झटकायच्या, पिशवीतलं नको ते सामान काढून घरी ठेवायचं आणि काचेच्या बटणाला हात लावायचा नाही. मे महिन्यात डांबर चपलेला चिकटत असतानाही काचा बंद आणि एसीही बंद. "काच उघडली की वारा आत शिरतो, गाडी जड होते," असं त्यांचं म्हणणं. "आणि एसी म्हणजे पेट्रोल पिणारं जनावर." कुणी कपाळ पुसलं, तर आरशातून बघत म्हणायचे, "घाम येतोय ना? मग शरीराचा एसी चालू आहे. दुसरा कशाला हवा?" हे बोलून ते कधी हसले नाहीत, कारण त्यांच्या लेखी तो विनोद नव्हताच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही देवगाव रंगारीचे. ताई लग्न होऊन शहरात आली, तिच्यामागून मी आलो, गुलमंडीवर कापडाच्या दुकानात लागलो आणि पुढे तिथंच स्वतःचं दुकान टाकलं. बहिणीच्या नवऱ्यापुढे कसं वागायचं हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ते बोलतील ते ऐकायचं, "हो दाजी" म्हणायचं आणि ताईचा निरोप त्यांच्यापर्यंत नेताना त्याला साखर लावायची. ताई म्हणाली, "मला जीव नकोसा झालाय," की मी दाजींना सांगायचो, "ताईला जरा बरं वाटत नाहीये." वर्षानुवर्षं मी ही हमाली केली.

माणूस बेइमान नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. सरकारी नोकरीत त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. मुकुंदवाडीच्या पलीकडे प्लॉट घेतला तेव्हा भोवती ज्वारी होती. बघता बघता तिथं चार-चार मजले उभे राहिले आणि बोअर खोल खोल जात शेवटी आटले. दुष्काळात टँकर आला की दाजी नळीपाशी उभे राहायचे. कुणाला हंडाभर जास्त नाही, कुणाला कमी नाही. आजारी शेजाऱ्याचं पाणी स्वतः उचलून जिने चढायचे. कॉलनी त्यांना देव मानायची. देवाच्या घरात राहावं लागायचं ते ताईला. तिच्या आंघोळीचं पाणी ते स्वतः काढून द्यायचे आणि न्हाणीघराचं दार वाजवून विचारायचे, "अजून ओततेच आहेस?"

निवृत्तीनंतर त्यांनी हायब्रिड गाडी घेतली, बॅटरीवरही चालणारी आणि पेट्रोलवरही. "तुमच्या गाड्या जगाच्या नाकात धूर सोडतात. माझी काही सोडत नाही," हे ते पाहुण्याला पाणी देण्याआधी सांगायचे. गाडीत समोर एक पडदा होता. लिटरला किती किलोमीटर पडले, तो आकडा त्यावर दिसायचा. दोघांना मूलबाळ नव्हतं. लोक मुलाचे मार्क सांगतात तसा दाजी तो आकडा सांगायचे. तो पडू नये म्हणून ताई वर्षभर त्या बंद डब्यात शिजत होती, आणि तिला दमा होता.

त्या उन्हाळ्यात दमा बळावला. डॉक्टरांनी बजावलं, उन्हात आणि कोंडलेल्या जागेत बसवू नका. ताईच्या तपासणीचा दिवस आला आणि नेमकी त्याच दिवशी गाडीच्या पीयूसीची, म्हणजे धूरतपासणीच्या दाखल्याची, मुदत संपत होती. दाजी म्हणाले, आधी पीयूसी, मग दवाखाना. मी रिक्षाचं नाव काढलं. "दारात गाडी असताना रिक्षा? लोक काय म्हणतील?" भर दुपारी आम्ही निघालो. मी पुढे, ताई मागे.

पीयूसी केंद्रातल्या मशीनवाल्यानं गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी खुपसली आणि ओरडला, "चाचा, इंजिन चालू करो!"

"चालूच आहे."

"आवाज किधर है? मशीन में कुछ आइच नहीं रहा."

"येणारच नाही," दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "ही गाडी धूर सोडत नाही."

"तो पास कैसा करूं? इंजिन चलना होना ना!"

धूर नाही हे दाखवायला आधी इंजिन पेटवून दाखवायचं होतं, आणि बॅटरी भरलेली असल्यानं ते पेटत नव्हतं. "एसी फुल करो. बैटरी उतरी की इंजिन चालू होता," मशीनवाल्यानं उपाय सांगितला.

"एसी सोडून बोल," दाजी म्हणाले.

मग त्यांनी भर उन्हात दिवे लावले. वायपर चालू केले. पाण्याअभावी कित्येक दिवस न धुतलेल्या काचेवर ते करकरत धूळ इकडची तिकडे करत राहिले. ज्यांनी कधी गाडीत गाणं लागू दिलं नाही, त्यांनी रेडिओ मोठ्यानं लावला. इंजिन ढिम्म. मागे ताईचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता. मी उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं, तर बाहेर रस्त्याचं काम चाललेलं. सिमेंटची धूळ आत आली आणि तिला खोकल्याची उबळ आली. दार लावून घेतलं.

"दाजी, एसी लावा!" मी ओरडलो. त्यांच्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला.

"आकडा पडेल," ते म्हणाले. "वर्षभर सांभाळलाय."

"ताई, रिक्षा बघतो."

"नको रे," ती कशीबशी म्हणाली. "रस्त्यावर तमाशा नको."

मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. मशीनवाल्यानं वैतागून नळी काढायला हात घातला, "कल आव, चाचा." उद्या म्हणजे मुदत संपलेली. बायकोच्या श्वासानं जे झालं नाही ते या शब्दानं झालं. दाजींनी एसी फुल लावला.

ताईनं डोळे मिटून दोन सीटांच्या मधल्या फटीतून तोंड पुढे आणलं. हळूहळू शिट्टी मंदावली. "लई गार वाटतंय रे," ती म्हणाली. तिच्या तोंडून "लई" ऐकून किती वर्षं झाली होती! दाजींना गावाकडचं बोललेलं खपायचं नाही.

थोड्या वेळानं इंजिन थरथरून सुरू झालं. मशीननं मोजलं, कागद छापला. पास. दाजींनी तो वाचला, कप्प्यात नीट ठेवला आणि एसी बंद केला.

"राहू द्या की थोडं," ताई म्हणाली.

"झालं की काम," दाजी म्हणाले आणि गाडी काढली.

त्या वेळी तो माणूस तिथंच मेला असता तरी मला चाललं असतं. दवाखान्यात ताईला थेट ऑक्सिजन लावला. दाजी रोज वेळेवर यायचे, मोसंबी सोलून द्यायचे, बिया काढून द्यायचे. आपलं काही चुकलंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. घरी सोडायचं ठरलं, तेव्हा ते गाडी आणायच्या आतच ताई मला म्हणाली, "तुझ्या घरी ने." आम्ही रिक्षानं गुलमंडीवर, दुकानाच्या वरच्या माझ्या घरी आलो. माझ्या बायकोनं काही विचारलं नाही, खोली झाडून दिली.

काही दिवस दाजींनी फोन केले. ताई घेत नव्हती. मग एका दुपारी ते स्वतः आले. गुलमंडीच्या गर्दीत त्यांनी गाडी कधी घातली नव्हती, पण आले आणि माझ्या दुकानासमोर उभे राहिले. काचा बंद, एसी फुल लावलेला, इंजिन चालू. मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खात होते, पण हलत नव्हते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी बोटभर काच खाली केली. गार वारा माझ्या तोंडावर आला.

"तिला म्हणावं, गाडी गार करून आणलीय," ते म्हणाले. "मुकुंदवाडीपासून चालू ठेवलाय." मला त्यांची कीव आली आणि त्या किवेचाही राग आला.

मी वर जाऊन सांगितलं. ताई गॅलरीत गेली, गजांमधून खाली बघितलं. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "त्यांना म्हणावं, इथं काय मशीन लावलेलं नाय. बंद करा ते."

जिना उतरताना सवयीनं मी गोड शब्द शोधत होतो. ताई झोपलीय, नंतर बोलेल, असं काहीतरी. खाली पोचलो आणि तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

दाजींनी ते ऐकून घेतलं. एसी बंद केला, काच वर केली आणि गाडी काढली. वर आलो तर ताई गॅलरीतून आत येऊन दाराकडे पाठ करून बसली होती.

"हायेत का अजून?"

"गेले."

"बरं," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.